पातेलंभर मटार आणि एक कादंबरी

दातांच्या डॉक्टरीणबाई फोनवर कधी खुशाली विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"सूनबाई, किती भरलं?"

"अर्ध्याच्या वर."

"अगं बाई! अर्धं पातेलं? तीनदा लिहिलंय गं मी ते प्रकरण."

"तुमचा नायक घोड्यावर बसला तोवर झकास चाललं होतं. बाबांच्या हातात उघडी शेंग तशीच राहिली होती. मग त्याला घोड्यावरून सूर्यास्त दिसला आणि बाबांनी जो सपाटा लावला, विचारू नका."

पलीकडे मागे कुणीतरी चूळ भरत होतं.

"सूर्यास्त काढते," डॉक्टरीणबाई पडेल आवाजात म्हणाल्या. "घोडा ठेवू ना?"

"घोडा ठेवा."

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण तिच्या प्रकाशन संस्थेतले सगळे लेखक तिला सूनबाईच म्हणत. ती फोनवर बोलत असली की मागून सासऱ्यांचा आवाज यायचा, "सूनबाई, चहाचं काय?" आणि तो एवढा खणखणीत असायचा, की पलीकडच्या माणसाला तिचं दुसरं काही नाव असेल असं वाटायचंच नाही. संस्था म्हणजे तरी काय, जेवणाचं टेबल, एक लॅपटॉप, आणि सायलेंटवर ठेवलेला फोन. छापील पुस्तक एकही नाही. संस्थेच्या कादंबऱ्या लोकांच्या फोनवर हप्त्याहप्त्याने जायच्या आणि लोक त्या रांगेत, बाकावर, जिन्यात उभ्याउभ्या वाचायचे.

याची सुरुवात डॉक्टरीणबाईंच्याच दवाखान्यात झाली होती. सूनबाई तिथे बाहेरच्या टेबलावर बसायची, पेशंटना वेळ द्यायची आणि आतून ड्रिलचा आवाज आला की घाबरलेल्यांना "काही नाही हो, दुसऱ्याचाच दात आहे" असा धीर द्यायची. मधल्या वेळात लिहायची. तिची पहिली कादंबरी एका प्रकाशकाने रीतसर छापली होती. छान जाड पुठ्ठा, पाठीवर तिचा फोटो. विकली गेली नाही. प्रकाशकाला गोदाम रिकामं करायचं होतं, तेव्हा उरलेले गठ्ठे घरी आले आणि नवऱ्याने ते पलंगाखाली सरकवले. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत. वस्तू अडकून पडण्याचं त्याला फारसं दुःख होत नाही. "पलंग आता हलत नाही बघ," तो म्हणाला होता, अगदी मनापासून.

सूनबाई त्या रात्री रडली की नाही हे कुणाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती टेबलावर बसून पेशंटांकडे बघत राहिली. सगळे फोनमध्ये डोकं घालून. कुणी मांजरांचे व्हिडिओ बघतंय, कुणी नुसतंच बोट वर-खाली करतंय. तिने एका बाईंना विचारलं, "तुम्हाला एक गोष्ट पाठवू का? तुमचा नंबर यायच्या आत संपेल एवढीच आहे." बाईंनी वाचली. आत जाताना दारात थबकून म्हणाल्या, "पुढे काय होतं?"

"पुढच्या वेळी याल तेव्हा."

त्या बाईंची दाढ एका खेपेत बरी होण्यातली होती. तरी त्या पुन्हा आल्या.

तिथून लांबी ठरली. कुठल्याही हप्त्याने दंतवैद्याकडे बाहेर बसण्याच्या वेळेपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही. मग वाचणारे वाढले, त्यांच्या बहिणी, जावा, ऑफिसातल्या मैत्रिणी. मुलीने साइट बनवून दिली आणि मुखपृष्ठं काढायला लागली. मग इतर लोक लिहून पाठवायला लागले. सगळ्यांत पहिल्या, लाजत लाजत, खुद्द डॉक्टरीणबाई. दिवसभर लोकांची तोंडं उघडायला लावणाऱ्या या बाईंच्या डोक्यात एवढे तलवारबाज प्रेमवीर आहेत हे सूनबाईला तोवर ठाऊक नव्हतं. नोकरी सुटली, संस्था चालू झाली आणि कालची मालकीण आजची लेखिका झाली. दोघींनाही ते आवडलं. डॉक्टरीणबाई आता वेळ मागून घेत आणि सूनबाई देत असे.

आणि पातेलं? ते आपोआप आलं.

सासरे शिंपी होते. दुकान बंद केलं तेव्हा मशीन विकलं, कात्री ठेवली, पण हातांचं काय करायचं हे त्यांना समजेना. हात रिकामे असले की ते सोफ्याच्या कडेची शिवण उसवून पुन्हा घालायचे. म्हणून सूनबाईने त्यांच्यापुढे मटारच्या शेंगा ठेवल्या. मटार नसतील तेव्हा घेवडा, घेवडा नसेल तेव्हा लसूण. दुपारी चहाच्या आधी ती टेबलाच्या या बाजूला बसून आलेली प्रकरणं मोठ्याने वाचायची, कारण मोठ्याने वाचल्याशिवाय तिला चुका दिसत नसत, आणि ते त्या बाजूला बसून सोलायचे. काही दिवसांत तिच्या लक्षात आलं, की प्रकरण चांगलं असलं की बाबांचे हात थांबतात. शेंग उघडलेली, अंगठा आत, दाणे तसेच. आणि कंटाळवाणं असलं की टपटप टपटप, पातेलं भरत जातं.

तिने ती जागा पेन्सिलने खुणावून ठेवली आणि लेखकाला सांगितलं, "इथून इथपर्यंत काढा." लेखक चिडला, पण काढलं. वाचकांना प्रकरण आवडलं. मग हाच नियम झाला. जे लेखक एकमेकांना ओळखत नव्हते, ज्यांनी सासऱ्यांना कधी पाहिलं नव्हतं, ते सगळे या पातेल्याला ओळखत होते. कुणाचं वाटीवर भागायचं, कुणाचं पातेलं भरायचं. एका निवृत्त गणितशिक्षकांची रहस्यकथा आली तेव्हा दुसरं पातेलं काढावं लागलं होतं. "तुमची रहस्यं जरा लवकर उलगडली तर बरं," नवरा जेवताना म्हणाला होता, "परवापासून सगळ्यात मटार आहेत."

असं सगळं मजेत चाललं होतं. फक्त संस्था चालू झाल्यापासून सूनबाईने स्वतः नवं काही लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांचे सूर्यास्त कापण्यात दिवस जायचे. कुणी विचारलं तर म्हणायची, "अहो, वेळ कुठे मिळतो?" पण खरं कारण पलंगाखाली होतं आणि केर काढताना रोज झाडूला लागत होतं.

शेवटी तिने लिहिली. कुणाला न सांगता, सकाळी सगळे उठायच्या आत. गोष्ट एका बाईची होती. नवरा निवृत्त होऊन दिवसभर घरात बसायला लागतो, तेव्हा ही बाई स्वतःच्याच घरातली मागची खोली नवऱ्याकडून भाड्याने घेते. रीतसर. तिथे आता ती भाडेकरू, आणि घरमालकाला आत यायचं तर दार वाजवायला लागणार. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी नवरा आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच घरातलं दार वाजवतो.

मुलीने मुखपृष्ठ काढलं, एक बंद दार आणि बाहेर पुरुषाच्या चपला. साइटवर जाहिरात लागली. वाचकांनी बदाम आणि फुलं पाठवली. डॉक्टरीणबाईंनी तर लिहिलं, "आता आमची बाई बघा."

आणि मग दुपारी सूनबाई पहिलं प्रकरण घेऊन टेबलापाशी बसली.

बाबांनी पातेलं भरलं. काठोकाठ.

तिने ते प्रकरण पुन्हा लिहिलं. पातेलं भरलं. सुरुवात बदलली, शेवट आधी आणला, बाईला एक आगाऊ बहीण दिली, बहीण काढून टाकली. टपटप टपटप. एकदा तर बाबा शेंगा संपल्यावर उठून टोपलीतल्या आणखी घेऊन आले. गणितशिक्षकांच्या वेळीसुद्धा ते उठले नव्हते.

"मटार फ्रीजमध्ये मावत नाहीयेत," नवरा म्हणाला. "एक विचारू? रागावू नकोस. ती कादंबरी संपत आलीय का?"

"संपली," सूनबाई म्हणाली. "मी ती मागे घेतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे साइटवरून काढतेय. आठवड्याच्या शेवटी लिहून टाकते, काही कारणाने येणार नाही म्हणून. मला दुसऱ्यांचं कळतं, माझं नाही जमत. एकदा पलंगाखाली गेली ती गेली. दुसऱ्यांदा मला नाही करायचं. यापुढे मी फक्त प्रकाशक."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतल्या माणसाशी काय बोलायचं हे त्याला नोकरीत शिकवलेलं होतं, ते इथे लागू पडेल का याचा विचार करत असावा. "घाई करू नकोस," एवढंच म्हणाला. मग आवाज चढवून बापाकडे वळला, "आणि बाबा, तुमचं कानाचं यंत्र उद्या आणायचंय हां!"

"कुणाचा मंत्र?" सासरे म्हणाले.

सासऱ्यांना जरा कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. जन्मभर मशीनपाशी बसलेला माणूस. म्हणून त्यांच्याशी सगळे जरा वरच्या पट्टीत बोलायचे. पण ते बरोबर जागी हसायचे, बरोबर जागी "हं" म्हणायचे, त्यामुळे "जरा" म्हणजे किती हे कुणी मोजायला गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते यंत्र लावून घरी आले ते घाबरल्यासारखेच. फ्रीजपाशी उभे राहिले. "हे असं बोलतं होय सारखं?" मग स्वतःच्या चपला काढून हातात घेतल्या. "किती फटफट वाजतात! आणि तुम्ही कुणी काही बोलला नाहीत?"

"बोललो होतो," नवरा म्हणाला, "तुम्हाला ऐकू आलं नाही." आणि कामावर निघून गेला.

दुपारी डॉक्टरीणबाईंचं नवं प्रकरण आलेलं होतं. स्वतःचं काही असो, दुसऱ्यांची कामं थांबवता येत नाहीत. सूनबाई वाचायला बसली. बाबा शेंगा घेऊन बसले. पहिलाच परिच्छेद झाला आणि त्यांचे हात थांबले. दुसऱ्यालाही थांबलेलेच. आज डॉक्टरीणबाईंनी कमाल केली की काय असं तिला वाटेपर्यंत ते म्हणाले,

"अगं, हा घोड्यावर बसतो?"

"कोण?"

"हाच तुझा हिरो. मला वाटत होतं तो शिक्षक आहे."

"बाबा, शिक्षक काय? तो गेले वीस हप्ते घोड्यावर आहे. सरदार आहे तो!"

"असेल बाबा. मी आत्ता ऐकतोय."

सूनबाईने लॅपटॉप हळूच मिटला. "बाबा, खरं सांगा. आतापर्यंत तुम्हाला मी वाचलेलं किती ऐकू यायचं?"

सासरे शेंगेतला एक दाणा काढून बघत बसले. मग म्हणाले, "आवाज यायचा. शब्द अधूनमधून यायचे. पाहुण्यांसारखे."

"अरे देवा! मग तुम्ही हात कशावर थांबवत होतात?"

"तुझ्यावर."

"माझ्यावर?"

"तू वाचताना चेहरा सोडून देतेस. गोष्टीत शिरलीस की भुवया वर, चहा आला तरी बघत नाहीस. मग मलाही वाटायचं, काहीतरी घडतंय, थांबून बघावं. आणि कंटाळलीस की पाठ खाजवतेस, घड्याळाकडे बघतेस, भराभर वाचतेस. मग मीही आपलं काम उरकून घेत असे." त्यांना यात विशेष काही वाटत नव्हतं. "गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून तोंडाने 'छान झालंय' म्हणतंच. मी तोंडाकडे कधी बघितलं नाही. खांदे बघायचो."

"आणि हे सांगायचं नाही का मला? लोकांची प्रकरणं कापली मी! गणिताच्या सरांच्या रहस्यकथेतला अख्खा बंगला पाडला!"

"पाडायलाच हवा होता. तुला झोप येत होती." मग ते जरा ओशाळले. "आणि कसं सांगणार? तू इतक्या हौसेने वाचायचीस. लोक फोन करून माझं मत विचारायचे. दुकानात सगळे जण एकच विचारत, कधी मिळेल. मत कुणी विचारलं नव्हतं गं."

सूनबाईला रागवायचं होतं, पण हसूच यायला लागलं. मग एकदम थांबली. "माझं वाचताना मात्र तुम्ही पातेलं भरलंत. म्हणजे मीच कंटाळले होते माझ्या कादंबरीला?"

"तुझी कुठली?"

"ती हो! गेले पंधरा दिवस वाचतेय ती. भाडेकरीणबाईची."

"ती तुझी होती?" सासरे सावरून बसले. "तरीच. अगं, ती वाचताना तू कागदाकडे बघतच नव्हतीस. माझ्या हातांकडे बघत होतीस, टक लावून. एवढंसं तोंड करून. मला वाटलं, कुणीतरी जेवायला येणार आहे आणि उशीर होतोय. म्हणून हात उचलला. तरी तुझी नजर हलेना, म्हणून आणखी शेंगा आणल्या. मला वाटलं, किती माणसं बोलावलीत हिने!"

सूनबाई टेबलावर डोकं टेकवून हसत सुटली. डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा हसली. सासरेही तिच्या बरोबरीने हसले, पण त्यांचं लक्ष यंत्राकडे होतं. स्वतःचं हसू त्यांना बऱ्याच दिवसांनी ऐकू येत होतं.

"वाच आता," ते म्हणाले. "आता कान आहेत."

आणि तिने वाचलं. या वेळी शेंगा त्यांनी बाजूला ठेवल्या होत्या, हाताची घडी घालून जजसारखे बसले होते. खरी परीक्षा आता होती. ती शेवटच्या ओळींपर्यंत पोचली. नवरा दारापाशी येतो, हात उचलतो, खाली करतो. पुन्हा उचलतो आणि दोन बोटांनी वाजवतो, जसं तो कधीकाळी साहेबाच्या केबिनचं दार वाजवत असे.

"झालं?" सासरे म्हणाले.

"झालं."

"मला नाही पटलं."

"काय नाही पटलं?"

"घर तिचंच ना? मग भाडं कशाला?"

"त्यातच तर कादंबरी आहे, बाबा."

"आणि तो येडा दार का वाजवतो? लाथ मारून उघडायचं ना! पुरुषाच्या जातीने दोन बोटांनी टकटक काय? एखादी तरी चापट बसू दे कुणाला. तिच्या नाहीतर त्याच्या. आणि तिला एक भाऊ दे, वकील. तो येऊन सगळं मिटवेल."

"भाऊ नाहीये तिला."

"देता येईल की. तूच लिहितेस ना?"

"नाही देता येणार! तिच्या भावाने येऊन मिटवलं तर ती पुन्हा स्वयंपाकघरात. आणि तो लाथ मारणार नाही. एवढी वर्षं तिच्या खोलीत, कपाटात, पर्समध्ये न विचारता हात घातलाय त्याने. आज पहिल्यांदा त्याला कळतंय की पलीकडे कुणीतरी आहे. म्हणून तो दोन बोटांनीच वाजवणार. हळू. त्याला तसं वाजवायची लाज वाटतेय, आणि तरी तो वाजवतोय!"

ती उभी राहिली होती. केव्हा उभी राहिली तिला कळलंच नव्हतं. आवाज एवढा चढला होता की सासऱ्यांनी कानाला हात लावून यंत्र बारीक केलं.

"ओरडू नकोस गं. आता ऐकू येतं मला."

सूनबाई खाली बसली. इतरांच्या प्रकरणांवर वाद घालताना ती अशी कधी उभी राहिली नव्हती. तिथे लेखक म्हणे घोडा राहू दे, आणि ती म्हणे राहू दे. इथे मात्र या घरातल्या सगळ्यात प्रेमळ माणसाने समोर बसून स्पष्ट नाही म्हटलं होतं, आणि तिला एक शब्दही बदलायचा नव्हता. बहीण काढली ते बरंच झालं. सुरुवात पहिलीच चांगली होती. तिने लॅपटॉप ओढला, पंधरा दिवसांतले सगळे बदल बाजूला सारले आणि पहिलं प्रकरण जसं पहिल्यांदा लिहिलं होतं तसंच काढलं. एकदा मनात वाचून बघितलं. वाचताना सासऱ्यांनी समोर चहा आणून ठेवला होता, तो निवला.

"काय करतेस?" सासरे म्हणाले.

"प्रकाशित."

"माझ्या सूचना?"

"नाही घेतल्या."

"एकही?"

"एकही नाही, बाबा."

तिने बटण दाबलं. दुपारची वेळ, दवाखान्यांच्या बाहेर लोक बसलेले असतील. फोन सायलेंटवरून काढला आणि लगेच पुन्हा सायलेंटवर टाकून उलटा ठेवला. कुणी काय लिहिलंय ते संध्याकाळी बघू. नाही आवडलं तर नाही आवडलं. पलंगाखाली आणखी काही जाणार नव्हतं, एवढं बरं होतं.

सासरे रुसले होते. त्यांनी शेंगा पुढे ओढल्या, एक उघडली, दाणे पातेल्यात टाकले. दुसरी उघडली. मान वळवून म्हणाले, "मग? उघडते का ती?"

"काय?"

"दार. तो बिचारा बाहेर उभा आहे ना."

"बुधवारी."

"बुधवारी काय?"

"पुढचा हप्ता बुधवारी येतो, बाबा. सगळ्यांना."

"घरच्या माणसालासुद्धा?"

"घरच्या माणसालासुद्धा."

"हा अन्याय आहे," सासरे म्हणाले. "तोवर तो उभाच राहणार का? निदान स्टूल तरी दे त्याला."